प्लंबिंग संहितेवरील अपील आणि प्लंबरचा परवाना : न्यूयॉर्क शहरातील मंडळ-व्यवस्थेचा अभ्यास

प्रस्तावना

शहरात राहणाऱ्या नागरिकाला नळ दिसतो. नळामागची व्यवस्था दिसत नाही. पाण्याची, सांडपाण्याची आणि गॅसची वाहिनी एकदा भिंतीत गेली आणि वर गिलावा चढला की तिचे काम नियमानुसार झाले की नाही, हे राहणाऱ्याला पाहता येत नाही. म्हणूनच जगातील अनेक शहरांनी प्लंबिंगच्या कामावर दोन प्रकारचे नियंत्रण ठेवले आहे. पहिले नियंत्रण कामावर, म्हणजे प्लंबिंग संहिता. दुसरे नियंत्रण काम करणाऱ्यावर, म्हणजे परवाना. या दोन्ही ठिकाणी अधिकारी निर्णय देतो आणि निर्णय आला की त्याविरुद्ध तक्रार येणे अपरिहार्य असते. ती तक्रार कोणी, कोणत्या निकषांवर आणि किती मर्यादेत ऐकावी, हा लोकप्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या व्यवस्थेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. लेखाचे प्रमुख प्रतिपादन असे की, नियमाचा अर्थ लावणे, व्यक्तीची पात्रता ठरवणे आणि कसुराबद्दल शिक्षा करणे ही तीन भिन्न कामे आहेत. ती वेगवेगळ्या ठिकाणी सोपवली आणि प्रत्येक निर्णय मूळ निर्णयकर्त्याखेरीज अन्य कोणी तपासला, तरच परवान्याला अर्थ राहतो. मात्र हे सर्व करूनही परवानाधारक स्वतः कामावर हजर नसेल तर व्यवस्था निष्प्रभ होते, हेही याच शहराच्या अनुभवातून दिसते.

नियंत्रणाची आवश्यकता

सांडपाण्याच्या प्रत्येक जोडणीखाली वाकडी नळी असते. त्या वाकात थोडे पाणी कायम साचून राहते व गटारातील दूषित वायू घरात येण्यास अटकाव करते. आपल्याकडील नहाणी ट्रॅप व गली ट्रॅप यांचे तत्त्व हेच आहे. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर स्वीकारल्या गेलेल्या आंतरराष्ट्रीय प्लंबिंग संहितेनुसार या पाण्याची खोली २ इंचांपेक्षा कमी व ४ इंचांपेक्षा अधिक असू नये. वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटते. परंतु २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात सार्स रोगाची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा तपासात स्नानगृहांतील कोरडे पडलेले ट्रॅप हा प्रसाराचा एक महत्त्वाचा मार्ग असल्याचे आढळले. १९३३ मध्ये शिकागो येथे दोन हॉटेलांतून अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. तिचे कारण पिण्याच्या पाण्याच्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांमधील सदोष जोडण्या हे होते.

या उदाहरणांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. प्लंबिंगमधील चुकीचा परिणाम चूक करणाऱ्यावर होत नाही. तो तेथे राहणाऱ्यांवर आणि शेजाऱ्यांवर होतो. तसेच ही चूक ग्राहकाला आधी ओळखता येत नाही. बाजारातील स्पर्धेने वाईट कारागीर आपोआप बाजूला पडेल, असे येथे गृहीत धरता येत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने १८८१ मध्ये न्यूयॉर्क व ब्रुकलिन या तत्कालीन स्वतंत्र शहरांसाठी प्लंबरांची नोंदणी व प्लंबिंगच्या कामावरील देखरेख यांविषयी कायदा केला. ही जबाबदारी आरोग्य मंडळाकडे होती. प्लंबिंग हा मुळात सार्वजनिक आरोग्याचा विषय मानला गेला, ही बाब लक्षणीय आहे. पुढे १८९२ च्या कायद्याने शहरांमध्ये प्लंबरांची परीक्षा घेणारी मंडळे स्थापन झाली. अशा मंडळात मालक प्लंबर, रोजावर काम करणारा कसबी प्लंबर, तसेच प्लंबिंग निरीक्षण व मलनिःसारण या खात्यांचे अधिकारी यांचा समावेश होता.

या परीक्षापद्धतीला न्यायालयात आव्हान देण्यात आले. नेचाम्कस खटल्यात १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने कायदा वैध ठरवला. परंतु निर्णय एकमताचा नव्हता. न्यायमूर्ती पेकहॅम यांनी विरोधी मत नोंदवले. आरोग्याचे नाव पुढे करून प्रस्थापित मालक प्लंबरांना नव्या स्पर्धकांची वाट अडवता येईल, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. दोन्ही बाजूंत तथ्य होते असे आज म्हणावे लागते. परवाना रहिवाशाचे रक्षण करतो, हे खरे. त्याचप्रमाणे तो व्यवसायात शिरण्याचा दरवाजाही असतो आणि त्या दरवाजाची किल्ली व्यवसायातीलच मंडळींच्या हाती गेली तर तिचा दुरुपयोग होऊ शकतो. पुढील काळातील संस्थात्मक रचना या दोन भयांमधून मार्ग काढण्याचा प्रयत्न म्हणून वाचता येते.

संहितेच्या अर्थाविषयीचे अपील

न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये आपल्या बांधकाम संहिता नव्याने आखल्या. त्यांतील प्लंबिंग संहितेचा पाया आंतरराष्ट्रीय प्लंबिंग संहितेचा असून शहराने त्यात स्वतःचे बदल केले आहेत. २०१४ व २०२२ मध्ये या संहितांच्या सुधारित आवृत्त्या अमलात आल्या. अंमलबजावणी शहराच्या इमारत विभागाकडे आहे.

अपिलाचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम मूळ आंतरराष्ट्रीय संहितेतील आदर्श तरतूद पाहणे उपयुक्त ठरेल. तिच्यात अपील मंडळाची कल्पना असून अर्जदाराला केवळ तीन कारणांवर अपील करता येते. पहिले, संहितेचा खरा हेतू अधिकाऱ्याने चुकीच्या रीतीने लावला. दुसरे, संबंधित तरतूद या प्रकरणाला पूर्णतः लागू होत नाही. तिसरे, अर्जदाराने सुचवलेली रचना संहितेतील रचनेइतकीच किंवा तिच्याहून अधिक चांगली आहे. नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांत अर्ज करावा लागतो. ज्या सदस्याचा प्रकरणात वैयक्तिक, व्यावसायिक किंवा आर्थिक हितसंबंध असेल त्याने सुनावणीत बसता कामा नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संहितेतील कोणतीही अट माफ करण्याचा अधिकार मंडळाला नाही.

या शेवटच्या मर्यादेचे मर्म एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. जुन्या विटांच्या इमारतीत तळमजल्यावर उपाहारगृह सुरू करावयाचे आहे. नियमाप्रमाणे व्हेंट पाइप छतापर्यंत नेला पाहिजे. पण तो वरच्या तीन कुटुंबांच्या घरांतून न्यावा लागतो. मालक मंडळापुढे येऊन खर्च परवडत नाही म्हणून सूट मागतो, तर ते अपिलाचे कारण होत नाही. तो वायुवीजनाची वेगळी रचना मांडतो आणि ट्रॅपमधील पाणी तिच्यामुळेही तितकेच सुरक्षित राहते हे तांत्रिक पुराव्याने दाखवतो, तर मात्र मंडळाने ती तपासली पाहिजे. अशा प्रकारे अपील ही दयेची याचना न राहता पुराव्याची परीक्षा होते.

न्यूयॉर्क शहरात हे काम बोर्ड ऑफ स्टँडर्ड्स अँड अपील्स या मंडळाकडे आहे. १९१६ मध्ये शहराच्या पहिल्या झोनिंग नियमावलीबरोबर ते अस्तित्वात आले. त्याचे पाच सदस्य महापौर नेमतात आणि त्यांची मुदत सहा वर्षांची असते. सदस्यांमध्ये किमान एक नियोजनकार, एक नोंदणीकृत वास्तुविशारद व एक परवानाधारक अभियंता असणे आवश्यक आहे. मंडळाच्या कामाचा मोठा भाग झोनिंगविषयक प्रकरणांचा असला तरी इमारत विभागाच्या आयुक्तांच्या अंतिम निर्णयाविरुद्धची अपिले, त्यात प्लंबिंग संहितेखालील निर्णयही आले, त्याच्याच कक्षेत येतात.

कार्यपद्धतीचे टप्पे थोडक्यात असे आहेत. निरीक्षकाने किंवा आराखडा तपासणाऱ्याने आक्षेप घेतल्यास अर्जदार प्रथम विभागाकडेच संहितेच्या अर्थाबाबत लेखी निर्णय मागतो. विभागाने अंतिम निर्णय दिल्यानंतर ३० दिवसांच्या आत मंडळाकडे अपील दाखल करावे लागते. मंडळाची सुनावणी जाहीर असते. निर्णय कारणांसह लेखी स्वरूपात दिला जातो व तो कोणालाही पाहता येतो. या निर्णयाने असंतुष्ट झालेल्या पक्षाला राज्याच्या दिवाणी कार्यपद्धतीतील ‘आर्टिकल ७८’ या तरतुदीखाली न्यायालयात जाता येते. तेथील ‘सुप्रीम कोर्ट’ हे नाव सर्वोच्च न्यायालयाचे नसून प्रथम सुनावणी करणाऱ्या न्यायालयाचे आहे, हे मराठी वाचकाने ध्यानात घ्यावे.

येथे आदर्श संहिता व न्यूयॉर्कची सनद यांत एक भेद आहे. कायद्याच्या शब्दशः पालनात व्यावहारिक अडचण किंवा अनावश्यक जाच होत असल्यास, कायद्याचा आशय व सार्वजनिक सुरक्षितता अबाधित राखून त्यात फेरबदल करण्याचा अधिकार सनदेने न्यूयॉर्कच्या मंडळाला दिला आहे. म्हणजे आदर्श संहितेपेक्षा न्यूयॉर्कच्या मंडळाचे हात अधिक मोकळे आहेत. हजारो जुन्या इमारती असलेल्या शहरात ही लवचीकता समजण्याजोगी आहे; परंतु अधिकार जितका विस्तृत, तितकी निर्णयामागील कारणे लेखी व जाहीर असण्याची गरज अधिक.

परवाना : पात्रता व निर्णयप्रक्रिया

संहितेचा प्रश्न इमारतीविषयी असतो. परवान्याचा प्रश्न व्यक्तीविषयी. न्यूयॉर्क शहरात मास्टर प्लंबरचा परवाना इमारत विभाग देतो. सर्वसाधारण मार्गाने येणाऱ्या उमेदवाराला अर्जापूर्वीच्या १० वर्षांत किमान ७ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो आणि तो परवानाधारक मास्टर प्लंबरच्या थेट व सातत्यपूर्ण देखरेखीखालचा असावा लागतो. अभियांत्रिकी पदवीधारकांसाठी कमी अनुभवाचे मार्ग आहेत. लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा असतात. त्यानंतर उमेदवाराच्या पूर्वेतिहासाची व चारित्र्याची चौकशी होते.

परीक्षा उत्तीर्ण होणे पुरेसे नाही. परवाना वापरून व्यवसाय करावयाचा असेल तर त्या व्यवसायसंस्थेचे किमान ५१ टक्के नियंत्रण परवानाधारक मास्टर प्लंबरांकडे असावे लागते. या अटीचा हेतू असा की भांडवल एकाचे आणि परवान्यावरील नाव दुसऱ्याचे, असा प्रकार होऊ नये. ज्याचे नाव कागदावर आहे त्याच्याच हाती कामाचा निर्णय असावा. परवानाधारकाला विभागाकडून शिक्का मिळतो आणि कामाच्या कागदपत्रांवर तो उमटवणे म्हणजे त्या कामाची जबाबदारी घेणे होय.

व्यवसायातील जाणकारांचा सहभाग असावा म्हणून विभागाच्या आयुक्तांनी नेमलेले एक परवाना मंडळ आहे. प्लंबिंग आणि अग्निशमन-वाहिन्या या दोन्ही क्षेत्रांसाठी ते काम करते व त्यात विभागाच्या अधिकाऱ्यांबरोबर परवानाधारकही असतात. मात्र परवाना देणे किंवा रद्द करणे हा अंतिम निर्णय आयुक्तांचा असतो. १८९२ च्या परीक्षा मंडळाशी तुलना करता हा बदल महत्त्वाचा आहे. व्यवसायाचे ज्ञान उपयोगात आणले जाते, पण दरवाजाची किल्ली व्यवसायाकडे राहत नाही. १८९५ मधील विरोधी मताला मिळालेले हे संस्थात्मक उत्तर म्हणता येईल.

परवाना नाकारला गेल्यास उमेदवार अपील मंडळाकडे न जाता सामान्यतः ‘आर्टिकल ७८’ खाली न्यायालयात जातो. तेथे न्यायालय उमेदवाराच्या कौशल्याची परीक्षा पुन्हा घेत नाही. विभागाचा निर्णय मनमानी होता काय, त्याला तर्कसंगत आधार होता काय, एवढेच पाहते.

शिस्तभंगाची कारवाई

तिसरे काम शिक्षेचे. परवानाधारकाने कसूर केल्याचा आरोप असल्यास परवाना निलंबित वा रद्द करण्यापूर्वी त्याला सुनावणी मिळते. ही सुनावणी इमारत विभागात होत नाही. ती ऑफिस ऑफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ट्रायल्स अँड हिअरिंग्ज या शहराच्या स्वतंत्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे होते. हे कार्यालय १९७९ मध्ये स्थापन झाले व १९८८ च्या सनद-दुरुस्तीने त्याला सनदेत स्थान मिळाले. तेथील प्रशासकीय न्यायाधीश पुरावा ऐकून शिफारस करतो आणि आयुक्त अंतिम आदेश देतात. संहिताभंगाबद्दल दिल्या जाणाऱ्या समन्सची सुनावणीही याच कार्यालयात होते.

येथवरच्या विवेचनावरून तीन दरवाजे स्पष्ट होतात. नियमाचा अर्थ काय, यासाठी अपील मंडळ. ही व्यक्ती पात्र आहे काय, यासाठी इमारत विभाग व त्यावर न्यायालय. या व्यक्तीने कसूर केली काय, यासाठी प्रशासकीय न्यायाधिकरण. प्लंबरशी वाद असलेल्या अधिकाऱ्यानेच नियमाचा अंतिम अर्थ लावावा, त्यानेच आरोप ठेवावा व त्यानेच तो खरा मानावा, ही स्थिती यामुळे टळते. शिस्तभंगाच्या प्रकरणात अंतिम आदेश आयुक्तांचाच असल्याने ही विभागणी पूर्ण नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु स्वतंत्र न्यायाधीशाने नोंदवलेला पुरावा व शिफारस जाहीर दप्तरात असताना तिच्या विरुद्ध जाण्यासाठी आयुक्तांना सबळ कारण द्यावे लागते.

व्यवस्थेची मर्यादा : २०१५ ची दुर्घटना

२६ मार्च २०१५ रोजी मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेज भागात सेकंड अव्हेन्यूवर गॅसचा स्फोट झाला. दोन जणांचा मृत्यू झाला व तीन इमारती नष्ट झाल्या. इमारतीत गॅसची बेकायदेशीर जोडणी केली गेल्याचे तपासात उघड झाले. घरमालक, कंत्राटदार आणि काम करणारा विनापरवाना प्लंबर यांना २०१९ मध्ये सदोष मनुष्यवधासह अन्य गुन्ह्यांसाठी दोषी ठरवण्यात आले. परवानाधारक असलेल्या आणखी एका प्लंबरने आपले नाव दुसऱ्यास वापरू दिल्याच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला.

या घटनेत संहिता अपुरी नव्हती, परीक्षा सोपी नव्हती आणि अपिलाचा मार्गही बंद नव्हता. कागदावर परवानाधारकाचे नाव होते. कामावर तो नव्हता. वर उल्लेखिलेल्या तिन्ही दरवाजांपैकी एकाही दरवाजातून हे दिसू शकत नाही, कारण मंडळापुढे कागद येतो, प्रत्यक्ष काम येत नाही. परवाना भाड्याने दिला गेला की वर्षानुवर्षांच्या उमेदवारीचा व परीक्षेचा अर्थ त्या क्षणी संपतो. प्रामाणिक प्लंबरचेही यात नुकसान होते, कारण नाव विकणारा त्याच्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतो.

शहराने यावर उपाय केले. २०१६ मध्ये गॅसविषयक अनेक स्थानिक कायदे संमत झाले. त्यांपैकी स्थानिक कायदा क्रमांक १५२ नुसार एक वा दोन कुटुंबांच्या घरांचा गट वगळता अन्य इमारतींतील गॅसवाहिन्यांची ठरावीक काळाने, म्हणजे दर चार वर्षांनी किमान एकदा, तपासणी करावी लागते. ही तपासणी परवानाधारक मास्टर प्लंबरने किंवा त्याच्या थेट देखरेखीखालील पात्र व्यक्तीनेच करावयाची असते. तपासणीचे चक्र २०२० पासून सुरू झाले. गॅसवाहिनीवर प्रत्यक्ष हात चालवणाऱ्या कामगारालाही आता स्वतंत्र पात्रता सिद्ध करावी लागते. म्हणजेच नियंत्रणाचा भर शिक्क्यावरून हळूहळू प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे व काम झाल्यानंतरच्या तपासणीकडे सरकला आहे.

भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतील नववा भाग प्लंबिंग सेवांविषयी आहे. प्लंबिंगचे काम परवानाधारक वा नोंदणीकृत प्लंबरनेच करावे आणि त्यांच्या परीक्षेची पद्धत स्थानिक प्राधिकरणाने ठरवावी, असे त्यात म्हटले आहे. त्याच संहितेच्या प्रशासनविषयक भागात अपील मंडळाचीही तरतूद आहे. पर्यायी साहित्य व पद्धती यांची योग्यता ठरवणे व संहितेचा वाजवी अर्थ लावणे ही त्याची कामे असून निर्णय लेखी द्यावा, अशी अपेक्षा आहे. तथापि ही संहिता स्वरूपतः शिफारशीची आहे. स्थानिक नियमांत अंतर्भूत केल्याखेरीज ती बंधनकारक होत नाही.

महाराष्ट्रात मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या दोन्ही कायद्यांना परवानाधारक प्लंबर ही संकल्पना ज्ञात आहे. अपिलाची वाट मात्र वेगळी आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४७ नुसार विकास परवानगीच्या आदेशाविरुद्धचे अपील ४० दिवसांत राज्य शासनाकडे किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये अपील शहरातीलच तज्ज्ञांच्या मंडळाकडे जाते, तर आपल्याकडे ते वरिष्ठ शासनाकडे जाते. पहिल्या पद्धतीत तांत्रिक चर्चेला वाव अधिक असतो; दुसरीत स्थानिक दडपणापासून अंतर अधिक राहते. व्हेंट पाइप वा ट्रॅपसारख्या निव्वळ तांत्रिक वादासाठी मंत्रालयाची पायरी चढावी लागणे हे लहान शहरातील प्लंबरला वा घरमालकाला परवडणारे नाही, हे मात्र नाकारता येत नाही.

निष्कर्ष

१. प्लंबिंगवरील नियंत्रणात संहितेचा अर्थ, परवान्याची पात्रता व शिस्तभंग हे प्रश्न वेगळे आहेत. त्यांचे निर्णय एकाच टेबलावर होऊ नयेत.

२. अपील मंडळाचे मोल त्याच्या औदार्यात नसून मर्यादेत आहे. सूट देण्यापेक्षा समतुल्य सुरक्षिततेचा पुरावा तपासणे हे त्याचे काम होय.

३. परवाना मंडळात व्यवसायातील जाणकार असावेत. परंतु अंतिम अधिकार व्यवसायाबाहेर असावा. १८९५ च्या खटल्यात उपस्थित झालेली मक्तेदारीची शंका आजही गैरलागू नाही.

४. परवाना भाड्याने देण्याची प्रवृत्ती कोणत्याही मंडळाला कागदावरून ओळखता येत नाही. त्यासाठी कामाच्या जागेवरील तपासणी व प्रत्यक्ष कामगाराची पात्रता यांवर भर द्यावा लागतो.

५. महाराष्ट्रातील महानगरपालिकांनी राष्ट्रीय इमारत संहितेतील अपील मंडळाची तरतूद स्थानिक नियमांत आणण्याचा विचार करावा आणि अशा मंडळाचे निर्णय कारणांसह प्रसिद्ध करावेत.

भिंतीआडची वाहिनी रहिवाशाला कधीच दिसणार नाही. ती ज्याने टाकली त्याचे नाव व कामावरील हजेरी, ज्याने मंजूर केली त्याची कारणे आणि ज्याने अपील ऐकले त्याचा निर्णय, एवढे तरी त्याला पाहता आले पाहिजे. नागरी प्रशासनाकडून ही किमान अपेक्षा ठेवणे वावगे ठरणार नाही.